इंजिन बांधू, बदलू, की गाडीच बदलू?

उतारावरचा_ब्रेक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

माझी पिकअप २१ वर्षांची आहे. सिंगल केबिन, मागे पत्र्याचा हौदा, २.५ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल. जुन्या रोटरी पंपाचं इंजिन, कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचं. घड्याळात ३,८०,००० किमी. आठवड्यातले चार दिवस माल, त्यातले दोन दिवस मागे ट्रेलर. एक फेरी साधारण २५० किमीची.

सध्याचं दुखणं असं: ८०० किमीला एक लिटर ऑइल खाते. सकाळी चालू केली की निळसर धूर, चढाला काळा. एका सिलिंडरचा ठोका चुकल्यासारखी थरथरते. आणि लोड घेऊन घाट चढताना काटा लालच्या जवळ जातो. आमच्या मिस्त्रींनी बघितलं आणि म्हणाले, "इंजिन संपलं."

आता तीन वाटा दिसतात. एक, हेच इंजिन पूर्ण बांधून घ्यायचं. दोन, अपघातात गेलेल्या नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन यात बसवायचं, म्हणजे ज्याला रिपॉवर म्हणतात ते. तीन, गाडी विकून नवी घ्यायची. नव्या गाडीची किंमत १०० धरली तर मला मिळालेले अंदाज असे: इंजिनकाम १४, रिपॉवर २६. आहे तशी गाडी विकली तर येतील फार तर ९.

१४ घालून ९ ची गाडी चालवणारा मूर्ख, असं घरचे म्हणतात. तुम्ही काय म्हणता?

पाना१३
डोळे मिटून रिपॉवर. त्या जुन्या रोटरी पंपात आता काय राहिलंय? नवं इंजिन ताकदीला दीडपट आणि डिझेल कमी पितं. आमच्या ओळखीत एकाने केलंय, गाडी विमानासारखी पळते.

हिशेबी
घरच्यांना सांगा की गणित चुकतंय. १४ ची तुलना ९ शी करायचीच नाही. ९ हा बाजारभाव, म्हणजे दुसरा माणूस तुमच्या गाडीचे काय देईल तो आकडा. तुम्हाला विकायची कुठेय? माल वाहायचाय. प्रश्न एवढाच की १४ घातल्यावर किती बिनघोर किलोमीटर मिळतील, आणि तेवढेच किलोमीटर दुसऱ्या रस्त्याने घ्यायला काय पडेल.

१४ मध्ये दीड लाख किमी मिळत असतील तर नवी गाडी त्याच्या जवळपासही येत नाही. नव्या गाडीच्या किमतीची घसरण पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात जोरात होते, कर्ज काढलं तर त्यावर व्याज. पण त्या १४ नंतर वर्षभरात गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल, मग आणखी काही निघालं, तर १४ चे २८ कधी झाले ते कळतही नाही. म्हणून इंजिन सोडून बाकीच्या गाडीची यादी करा आणि पुढच्या दोन वर्षांत काय काय मागणार आहे ते लिहा.

अजून एक. गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं धरलंय का? इंजिनकामाला तीन आठवडे म्हणतात आणि सहा लागतात.

जुनी_चासी
मिस्त्रींनी काय मोजलं?

उतारावरचा_ब्रेक
मोजलं असं काही नाही, काका. ऑइलचं झाकण काढलं, तिथून वाफ येते ती दाखवली, सायलेन्सरला हात लावून बघितला. तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा.

जुनी_चासी
अनुभवाला नमस्कार. माझाही तेवढाच आहे, आणि झाकणातून येणारा धूर बघून मी दोनदा चांगली इंजिनं उघडून बसलोय. पावणेचार लाख चाललेल्या टर्बो डिझेलच्या झाकणातून थोडी वाफ येणारच. झाकण उलटं ठेवून बघा. जागच्या जागी नाचलं तर काळजी नाही, उडून पडलं तर पुढचं बघू. तीही ढोबळ परीक्षाच.

तुमच्या तक्रारी चार आहेत. सगळ्यांचं मूळ एक असेल असं आपण धरून चालतो, आणि फसतो ते तिथंच.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण कधी जळतंय ते बघा. रात्रभर उभी राहून सकाळी एक भपका आणि मग साफ, तर व्हॉल्व्हच्या सीलवरून ऑइल उतरतंय. दहा मिनिटं न्यूट्रलला ठेवून मग रेस दिल्यावर ढग निघाला तर टर्बोकडे बोट. लोडवर सतत निळा मारत असेल तर रिंगा. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवा. ओलसर चिकटपणा चालतो, ऑइल वाहत असेल तर टर्बो. टर्बोला फाशी द्यायच्या आधी त्याचा ऑइल परत नेणारा पाइप आणि इंजिनातली वाफ बाहेर काढणारा ब्रीदर तुंबलाय का बघा. ऑइलला खाली जायला वाट नसेल तर चांगला टर्बोसुद्धा सीलमधून ओकतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचे फाटके पाइप, डिझेल फवारणारे नोझल.

काटा चढतो त्याला इंजिनच लागतं असं नाही. रेडिएटरच्या जाळीत दोन थर माती असते, बाहेरून दिसत नाही. पंख्याचा व्हिस्कस क्लच ढिला झाला तर इंजिन गरम असतानाही पंखा उगाच फिरल्यासारखं करतो. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. सहज दोन-तीन फेरे गेला तर क्लच गेला.

आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. ग्लो प्लग काढून तिथं गेज लावायचं, पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढायची म्हणजे डिझेल येत नाही, बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन कोमट. चारही सिलिंडरचे आकडे लिहा. आकडा किती यापेक्षा चौघांमधला फरक किती, ते जास्त बोलतं. कमी आलेल्या सिलिंडरला लीकडाउन करा: पिस्टन वरच्या टोकाला आणून आत हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. हवा भरताना गाडी गिअरमध्ये, नाहीतर क्रँक फिरतो आणि पाना हातावर येतो.

पेट्रोल इंजिनात लोक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. डिझेलमध्ये ते करू नका. वरची जागा इतकी कमी असते की ऑइलनेच आकडा फुगतो.

एक सकाळ लागेल. मग बोलू.

धूळवाट
रिपॉवर केलेली बाई बोलते आता. :)

माझी पण साधारण याच वयाची, यापेक्षा थोडी हलकी. चार वर्षांपूर्वी कॉमन रेल बसवलं. इंजिन तीन दिवसांत बसलं. गाडी रस्त्यावर यायला पाच महिने लागले. तो फरक कुठे गेला ते सांगते.

पहिलं, सम्प. नव्या इंजिनाचं ऑइल पॅन पुढून खोल, माझ्या गाडीचा क्रॉस मेंबर नेमका तिथंच. पॅन कापून पुन्हा जोडला, पिकअप पाइप वळवला. इंजिन ४० मिमी मागे गेलं, मग गिअरबॉक्स मागे, मग प्रोपेलर शाफ्ट लांब झाला. तो कापून बॅलन्स केला, तरी ७० च्या पुढे थरथर. गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा क्रॉस जॉइंट एकाच कोनात नव्हता. मागच्या पाट्यांखाली पाचर घालून कोन जुळवला तेव्हा थांबली.

दुसरं, वायरिंग. हे इंजिन ईसीयूशिवाय, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरशिवाय, हलत नाही, आणि ईसीयू चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आणि मीटर ओळखल्याशिवाय हलत नाही. एक्सिलरेटरला तार नसते, पेडलमध्येच सेन्सर. इंजिन विकणाऱ्याने वायरिंग कापून दिली होती. कापलेली वायरिंग म्हणजे किती महिने, हे मला विचारा. घ्यायचंच असेल तर अख्खी ठोकलेली गाडी घ्या, चावीसकट, आणि तिच्यातून इंजिन काढायच्या आधी ते तिच्यातच चालू करून बघा.

तिसरं कुणी सांगितलं नव्हतं. टाकी. जुनी टाकी आतून गंजलेली, जुन्या पंपाला ते चालायचं. कॉमन रेलमध्ये १,६०० बार दाब असतो, नोझलमध्ये केसाहून बारीक फटी. दोन महिन्यांत चार नोझल गेले. शेवटी टाकी नवी, पाइप नवे, फिल्टर दुहेरी.

चौथं, ताकद. जुनं इंजिन २२० न्यूटन मीटरचं, नवं ३६०. क्लच आधीच बदलला होता. मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनने, म्हणजे डिफरन्शियलच्या गिअरजोडीने, ट्रेलर घेऊन एका चढावर मान टाकली. इंजिन वाढवलं की त्याच्या मागची प्रत्येक गोष्ट तुम्ही वाढवायला घेतली असं समजा. पुढे वजन वाढतं म्हणून ब्रेक आणि पाटेही त्यात आले.

कागदपत्रांचं: इंजिन नंबर बदलतो, प्रदूषणाची वर्गवारी बदलू शकते. तुमच्याकडचा नियम इंजिन विकत घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पस्तावले का? आता गाडी छान आहे. घाटात चौथ्यात जाते. पण मला जे पडलं ते पहिल्या अंदाजाच्या दुप्पट होतं, आणि ते पाच महिने मी भाड्याच्या गाडीने माल नेला. हौस होती, केलं. धंद्याची एकच गाडी असती तर केलं नसतं.

पाना१३
ताई, तुम्ही परक्या बनावटीचं इंजिन टाकलं म्हणून. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं इंजिन घेतलं तर माउंटिंग जुळतात, बेलहाउसिंग जुळतं. निम्मी कामं वाचतात.

धूळवाट
त्याच कंपनीचंच होतं रे दादा. पुढच्या मॉडेलचं.

पाना१३
बरं. :(

हिशेबी
पाना, त्यात डिफरन्शियलचंही गणित आहे. मागचा गिअर ४.१ चा, टायरचा घेर २.२ मीटर, पाचवा गिअर ०.८५ धरा. ताशी १०० ला चाक मिनिटाला ७५८ फेरे घेतं, गुणिले ४.१ गुणिले ०.८५, इंजिन २,६४० वर. जुन्या इंजिनाला हे ठीक. नव्या कॉमन रेलला १,६०० ते २,४०० मध्ये सगळ्यात जास्त ओढ असते, ते तिथं उगाच ओरडत राहील. म्हणजे ३.६ चा क्राउन-पिनियन शोधा, तर २,३०० पर्यंत येईल. सापडेलच असं नाही. डिझेल कमी पिईल म्हणून इंजिन टाकायचं आणि गिअर जुळला नाही म्हणून ते परत प्यायचं, असं होतं.

शांत_मोटर
कुणीतरी बोलणार होतंच, मीच बोलतो. इलेक्ट्रिक?

जुनी_चासी
बोला. पण वजनासकट बोला.

शांत_मोटर
वजनासकट. ६० किलोवॅट-तासाची बॅटरी म्हणजे केस, कूलिंगसह ढोबळमानाने ४०० किलो. इंजिन, टाकी, सायलेन्सर, रेडिएटर काढून त्यातलं बरंचसं भरून येतं, सगळं नाही. रिकामी पिकअप १०० किमीला ३० युनिटच्या आसपास खाईल, म्हणजे २०० किमी. ट्रेलर लावला की जवळजवळ निम्मं. धागाकर्त्याची फेरी २५० ची, ट्रेलरसकट. जमणार नाही, आणि जमेल असं सांगणाऱ्याला माझं नाव सांगू नका. रोज ६०-७० किमी, ठरलेला रस्ता, रात्री एकाच जागी उभी राहणारी गाडी असेल तर वेगळी गोष्ट. मी माझी तशीच केलीय आणि खूश आहे.

उतारावरचा_ब्रेक
मंडळी, काल सकाळी मोजलं. गेज मागून आणलं, मिस्त्रीही आले, आधी रुसले होते पण नंतर तेच कान लावून बसले.

कॉम्प्रेशन: पहिला २७ बार, दुसरा २६, तिसरा १८, चौथा २७. वर्कशॉपच्या पुस्तकात माझ्या इंजिनाला किमान २० लिहिलंय आणि चौघांत फरक ३ पेक्षा जास्त नको.

तिसऱ्याला हवा भरली. सायलेन्सरमधून सरळ शिट्टी. ऑइलच्या झाकणातून जवळजवळ काही नाही. झाकण उलटं ठेवलं तर नाचतं, उडत नाही.

इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साठलेलं, बोट नाही, कप भरेल इतकं. टर्बोचा शाफ्ट आडवा हलवला तर पातं घराला घासतं. परतीचा पाइप मोकळा होता. ब्रीदर अर्धा तुंबलेला.

पंखा हाताने चार फेरे गेला. रेडिएटरच्या जाळीतून पाण्याच्या फवाऱ्याने इतकी माती निघाली की मिस्त्री म्हणाले, "ही गाडी चढत होती हेच नवल."

जुनी_चासी
म्हणजे तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला, टर्बो गेला, पंख्याचा क्लच गेला, रेडिएटर तुंबला. आणि "इंजिन संपलं". पावणेचार लाखांना बाकीच्या तीन सिलिंडरचा २६-२७ हा आकडा मिरवावा असा आहे.

कॅम_शाफ्ट
लेथवाला हजर आहे. आकडे बघून राहवलं नाही.

खालचं इंजिन उघडू नका. हेड काढा, फक्त हेडचं काम. पण हेड उतरल्यावर आत बघायची संधी सोडू नका. सिलिंडरमध्ये वरच्या टोकाला नख फिरवा, कडा लागते का बघा. ती कडा मोठी असेल तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलाय. होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर बंद करून टाका आणि देवाचे आभार माना.

हेडमध्ये काय करून घ्यायचं: आधी प्रेशर टेस्ट, कारण डिझेलच्या हेडला दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधे चीर जाते आणि चीर असलेल्या हेडवर केलेलं सगळं काम वाया. मग गाइड, सीट, सगळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सगळे सील. पट्टी ठेवून सपाटपणा बघायचा, ०.०५ मिमीच्या आत असेल तर प्लेनिंग नकोच. डिझेलचं हेड हौसेने घासायचं नसतं, पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागाच नसते. गॅस्केट जाडीप्रमाणे वेगवेगळे मिळतात, काठावर खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ओळखायचं. जुन्यावर जेवढ्या खाचा, तेवढ्याच नव्यावर. हेडचे बोल्ट ताणून बसवायचे असतील तर ते नवेच.

लोक म्हणतात वरचं नवं केलं की खालचं बसतं. वर दाब वाढला आणि जुन्या रिंगा हार मानतात, असं. मी ते बघितलंय, पण ज्यांचं बसलं त्यांच्या खालच्या रिंगा आधीच बसायच्या बेतात होत्या, मोजलं कुणी नव्हतं. तुमचं मोजलेलं आहे.

पूर्ण बांधायचं असतं तर वेगळं पुराण लिहिलं असतं. थोडक्यात, "इंजिन बांधून देतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की बोअर वर, मधे, खाली तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजणार का. नुसत्या नव्या रिंगा झिजलेल्या बोअरमध्ये घालणारे बरेच आहेत. वरच्या कडेला आपटून पहिली रिंग तुटते आणि माणूस म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता.

हिशेबी
१४ चं काम किती वर आलं?

उतारावरचा_ब्रेक
हेड, टर्बो, पंख्याचा क्लच, रेडिएटर सर्व्हिस, हात घातलाय तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप. सगळं मिळून ५ च्या आत. काल रात्री झोप लागली बऱ्याच दिवसांनी.

जुनी_चासी
झोपा. पण उद्या एक काम. हौद्याचे बोल्ट काढा आणि हौदा उचला. चासी बघायची आहे.

इंजिन मिळतं, टर्बो मिळतो. गाडी मरते ती चासीने. टाकीच्या पट्ट्यांखाली, मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि केबिनच्या मागे जिथं वाकते तिथं बघायचं. पेटीसारखी चासी असेल तर माती आत साठते, पाणी निघायची भोकं बुजतात आणि ती आतून बाहेर गंजते. बाहेरून रंग चकचकीत. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजेल तिथं पोलाद आहे. भद्द वाजेल तिथं स्क्रूड्रायव्हर घ्या आणि अंगातली ताकद लावा. चासीची दया करू नका.

ब्रेकचे लोखंडी पाइपही तेव्हाच बघून घ्या, हौदा खाली असताना ते कधी दिसत नाहीत.

उतारावरचा_ब्रेक
काका, वाईट बातमी.

डाव्या मागच्या हँगरपाशी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. उजवीकडे तितका नाही, पण भद्द वाजतं. केबिनच्या मागे डावीकडे वरच्या कडेला एक चीर, साधारण बोटाच्या लांबीची. मिस्त्री म्हणतात प्लेट मारून देतो, दोन दिवसांचं काम.

जुनी_चासी
चीर वरच्या कडेला आहे की बाजूच्या भिंतीला?

उतारावरचा_ब्रेक
वरच्या आडव्या कडेला. तिथून थोडी खाली उतरलीय.

जुनी_चासी
मग प्लेटवर भरवसा ठेवू नका. त्या कडेवरच वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण असतो, आणि चासीच्या आडवं वेल्डिंग केलं की शेजारी नवी चीर पडते. हँगरपाशी जेवढं भोक दिसतं त्याच्या दुप्पट पत्रा पातळ झालेला असतो. चांगल्या पोलादापर्यंत कापत जायचं म्हटलं तर कुठे थांबणार? नीट करायचं तर मागचा अर्धा भाग नवा घालावा लागेल, जिगवर, मापात. ते करणारे आहेत, पण कमी आहेत. आणि मागे ट्रेलर लावून घाट उतरणार आहात तुम्ही.

प्लेट मारून रिकामी चालवली असतीत तर मी गप्प बसलो असतो.

पाना१३
म्हणजे रिपॉवर केलं असतं तर नवं इंजिन कुजक्या चासीवर बसलं असतं. बापरे.

धूळवाट
मी माझी चासी आधी बघितली नव्हती, हे आता कबूल करते. नशीब म्हणायचं. उद्या हौदा उचलते.

हिशेबी
तर मग नवी गाडी? ५ चं इंजिनकाम हातात आणि चासी गेलेली. मला तर सरळ दिसतंय, पण लिहायला जीव होत नाही.

कॅम_शाफ्ट
थांबा, घाई नको. इंजिन चांगलं, गाडी वाईट. म्हणजे इंजिन वाईट आणि गाडी चांगली अशी एखादी तुमच्याच मॉडेलची कुठेतरी उभी असेल. आमच्या दाराशी तर दरवर्षी दोन-तीन येतात. बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, मालक म्हणतो नको आता. बॉडी धडधाकट असते. ती विकली जाते भंगाराच्या भावाच्या थोडी वर, कारण सगळे इंजिनच शोधत असतात.

इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, सम्प, वायरिंग, मीटर सगळं तेच. ताईंचे पाच महिने इथं चार-पाच दिवसांचे होतील.

जुनी_चासी
हे मला आधी सुचायला हवं होतं. शाब्बास.

फक्त एक लक्षात ठेवा. गाडीची ओळख चासी नंबरने असते. म्हणजे कागदावर तुमची गाडी राहणार नाही. ती गाडी तुमच्या नावावर होईल आणि तिच्यात इंजिन बदलल्याची नोंद करावी लागेल. तुमचा नंबर जुन्या चासीबरोबर रद्द. चासी नंबर इकडून तिकडे हलवायचा विचार मनातही आणू नका, तो सरळ गुन्हा आहे.

आणि घ्यायच्या आधी तिचाही हौदा उचलायचा. मालक नको म्हणाला तर गाडी नको.

उतारावरचा_ब्रेक
उत्तर द्यायला उशीर झाला, दोन महिने.

गाडी मिळाली. माझंच मॉडेल, दोन वर्षांनी नवं, बेल्ट तुटून उभी होती दीड वर्ष. मालकाने हौदा उचलू दिला, उलट स्वतः बोल्ट सोडले. हातोडी सगळीकडे खणखणली. नव्या गाडीच्या १०० मध्ये ही ११ ला पडली. हेड, टर्बो, बेल्ट वगैरे धरून सगळं १७. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, दरवाजे आणि काचा ठेवून घेतल्या, चासी कापून भंगारात दिली, रद्द केल्याचा कागद घेतला. कापताना मी तिथं थांबलो नाही.

हेड उतरवल्यावर होनिंगच्या रेघा दिसत होत्या. कॅम_शाफ्ट, तुमची आठवण काढली. हेडला चीर नव्हती. गॅस्केटला दोन खाचा होत्या, दुकानदार एका खाचेचं देत होता, "सारखंच असतं" म्हणून. परत केलं.

पहिल्यांदा चालू करायच्या आधी सोलेनॉइडची वायर काढून ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत नुसतं क्रँक केलं. मग वायर लावली, दुसऱ्या फेऱ्याला धरलं. धूर थोडा, पांढरा, मग काही नाही.

कॅम_शाफ्ट
वा! हेडच केलंय तेव्हा रनिंग-इनचं सोवळं फारसं नाही. रिंगा नव्या असत्या तर सांगितलं असतं की न्यूट्रलला तासभर ठेवू नका, बोअरला काच चढते, मग रिंगा कधीच बसत नाहीत. लोक नेमकं तेच करतात, जपायचं म्हणून. तुम्ही ऑइल लवकर एकदा बदला, टर्बो जाताना काय काय आत सोडून गेला असेल सांगता येत नाही.

हिशेबी
ऑइल किती खाते?

उतारावरचा_ब्रेक
आत्तापर्यंत ५,००० किमी झाले, काठीवर वरच्या खुणेपासून अर्ध्यापर्यंत आलंय. घाटात ट्रेलरसकट काटा मधेच राहतो. डिझेल जवळपास तेवढंच लागतं, त्यात फार फरक नाही.

एक गंमत. नव्या गाडीच्या घड्याळात १,९४,००० दिसतात आणि इंजिन आहे ३,८५,००० चं. कुणी विचारलं की कुठला आकडा सांगायचा ते कळत नाही.

पाना१३
दोन्ही सांगा आणि त्याला गोंधळू द्या. :)
मागचं फळकं जुन्या गाडीचं आहे का शिल्लक? माझं सडलंय.

उतारावरचा_ब्रेक
फळकं नाही देणार, तेच लावलंय. त्यावर मुलाने लहानपणी खिळ्याने नाव कोरलंय.

जुनी_चासी
नव्या चासीची पाणी निघायची भोकं मोकळी केली का?

उतारावरचा_ब्रेक
तेव्हा राहिलं होतं, काका. आज केली, तारेने. डाव्या मागच्या हँगरपाशी अर्धं घमेलं माती निघाली, ओली.